घड्याळाची चाल

यांत्रिक घड्याळ रोज थोडं चुकणारच. बॅटरीवरच्या साध्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि माझ्या मनगटावरचं, हाताच्या हालचालीने आपली किल्ली आपणच भरून घेणारं ऑटोमॅटिक सेकंदाला जेमतेम सहा ठोके देतं, तेव्हा बरोबरी करण्यात अर्थच नाही. पण या सहा ठोक्यांच्या घड्याळालाही दिवसाला चारपाच सेकंदांच्या आत आणता येतं आणि ते आपलं आपल्याला करता येतं, हे वाचलं तेव्हापासून माझे हात शिवशिवायला लागले.

दिवसाचे सेकंद ८६,४००. तासाला २१,६०० ठोक्यांचं घड्याळ दिवसभरात ५,१८,४०० ठोके देतं. त्यात ६० ठोके जादा पडले की घड्याळ १० सेकंद पुढे. टक्केवारीत ही चूक साधारण ०.०१२ निघते. एवढ्याशा फरकावरून आपण घड्याळाला नावं ठेवतो, हे आधी ध्यानात घेतलं की पुढचं सगळं जरा सबुरीने होतं.

माझ्या घड्याळात सेकोचं एनएच३५ मशीन आहे. धडपड्या लोकांचं हे आवडतं मशीन: दणकट, सहज मिळणारं, चुकतमाकत शिकायला बरं. कंपनीने त्याला दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी मोकळीक दिलेली आहे. माझं विसेक सेकंद पुढे जायचं. नियमात बसत होतं, तक्रारीला जागा नव्हती. मला चैन मात्र पडत नव्हती.

सुरुवात वहीने केली आणि अजूनही नव्या माणसाला मी तेच सांगते. कुठलंही हत्यार विकत घेण्याआधी आठदहा दिवस नुसतं लिहून काढा. रोज एका ठरलेल्या वेळी मोबाइलच्या घड्याळाशी ताळा करायचा आणि फरक मांडायचा. एनएच३५चं क्राऊन, म्हणजे कडेचं फिरवायचं बटण, पूर्ण बाहेर ओढलं की सेकंदकाटा जागीच थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदाला सेकंद लावता येते. जुन्या घड्याळांत ही सोय नसते. तिथे क्राऊन ओढून काटे उलट्या दिशेला फिरवल्यासारखा अगदी हलका दाब दिला तर बहुतेक वेळा सेकंदकाटा थबकतो. नाहीच थबकला तर सेकंदांचा फरक तसाच लिहून घ्यायचा. आपल्याला रोजची घटवाढ हवी आहे, पहिल्या दिवसाची जुळणी नव्हे.

वहीने मला एक गोष्ट लगेच दाखवली: आकडा रोज वेगळा यायचा. दिवसभर टेबलाशी बसून काम केलं त्या दिवशी एक, बाहेर हिंडले त्या दिवशी दुसरा, आणि सुट्टीत घड्याळ नुसतं कपाटावर पडून राहिलं त्या दिवशी तिसराच. तेव्हा मला वाटलं, माझ्याच नोंदी ढिल्या आहेत. त्या ढिल्या नव्हत्या. यांत्रिक घड्याळाला एकच एक चाल नसतेच. तुम्ही ते कसं ठेवता, किती किल्ली दिलीत, त्यावर ती बदलते. हे नीट पचायला मला बरेच महिने लागले. रेग्युलेशनची, म्हणजे चाल लावण्याची, सगळी गंमत आणि सगळा वैताग याच गोष्टीत आहे.

मध्येच एकदा घड्याळ दिवसाला मिनिटांच्या हिशेबात पळायला लागलं. कालपर्यंत वीस सेकंद, आज पाच मिनिटं. अशी अचानक बोंब झाली तर मशीन उघडू नये. आधी होकायंत्र आणावं. छोटं होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्याजवळ हळूहळू नेलं आणि सुई हलायला लागली. घड्याळात चुंबकत्व शिरलं होतं. घड्याळाचा ठोका ठरवणारं, मागेपुढे झुलणारं चाक म्हणजे बॅलन्स व्हील, आणि त्याला झुलवणारी गुंडाळलेली बारीक स्प्रिंग म्हणजे हेअरस्प्रिंग. तिचे वेटोळे एकमेकांना चिकटायला लागले की स्प्रिंगची कामाची लांबी घटते, बॅलन्स व्हीलचा झोका आखूड वेळात पुरा होतो आणि घड्याळ सुसाट सुटतं. स्पीकर, बॅगेचं चुंबकी बटण, टॅबलेटचं कव्हर, यांतलं काहीही पुरतं. उपाय सोपा आहे. चुंबकत्व काढायची छोटी पेटी मिळते. तिच्यावर घड्याळ ठेवायचं, बटण दाबायचं आणि बटण दाबलेलंच ठेवून घड्याळ सरळ वर, हातभर लांब न्यायचं. मगच बटण सोडायचं. घड्याळ जवळ असताना बटण सोडलं तर आहे त्यापेक्षा जास्त चुंबकत्व बसू शकतं. तेवढी एक गोष्ट सांभाळली की काम क्षणात होतं. माझं घड्याळ पुन्हा वीस सेकंदांवर आलं.

नंतर मला ठोके ऐकायचा नाद लागला. आधी मोबाइलवरचं ॲप वापरून पाहिलं. पंखा, रस्त्यावरची वाहनं, शेजारचा रेडिओ, सगळं त्यात शिरायचं आणि पडद्यावर ठिपक्यांचा पाऊस पडायचा. रात्री उशिरा बरं चालायचं. शेवटी ठोके ऐकून चाल मोजणारं टाइमग्राफर घेतलं: घड्याळ धरायला चिमट्याचं स्टँड, त्यातच बसवलेला मायक्रोफोन आणि छोटा पडदा.

या यंत्राला घड्याळाचं फक्त ऐकू येतं. आपल्याला जी एक 'टिक' वाटते तिच्यात तीन आवाज असतात. बॅलन्सच्या अक्षाला खाली एक माणकाचा बारीक खुंट असतो. तो येऊन पॅलेट फोर्कला, म्हणजे दोन खडे बसवलेल्या इवल्या दुबेळक्याला, धडकतो तो पहिला. फोर्क ज्याला आळीपाळीने अडवतो आणि सोडतो त्या एस्केप व्हीलचा दात अडकलेल्या जागेतून सुटून पॅलेटच्या खड्याला ढकलतो तो दुसरा. आणि पुढचा दात दुसऱ्या खड्यावर येऊन आदळतो, फोर्क बाजूला जाऊन टेकतो, तो तिसरा; हा सगळ्यात मोठा. टाइमग्राफर ठोक्याठोक्यांमधलं अंतर मोजून चाल सांगतं, आणि पहिल्या व तिसऱ्या आवाजामधल्या वेळावरून झोका किती अंशांचा आहे ते काढतं. झोका २७० अंशांचा असेल तर एनएच३५मध्ये हा वेळ जेमतेम १० मिलिसेकंद भरतो.

झोक्याच्या आकड्याचं एक पथ्य आहे. यंत्राला झोका दिसत नाही, तो हिशेबाने निघतो, आणि त्या हिशेबाला 'लिफ्ट अँगल', म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या आवाजात बॅलन्स किती अंश फिरतं तो आकडा, आपण पुरवावा लागतो. एनएच३५चा ५३ अंश, युनिटास ६४९७ या दुसऱ्या एका मशीनचा ४४. यंत्रावर आधीपासून ५२ लावलेला असतो आणि लोक तो तसाच ठेवतात. मग ६४९७चा झोका खरा २६० असेल तर पडद्यावर ३०७ दिसतो आणि माणूस खूश होतो. चालीच्या आकड्याला याने काही फरक पडत नाही, पण मशीनची तब्येत कशी आहे हे झोक्यावरूनच कळतं, तेव्हा हा आकडा खोटा असून चालणार नाही. पुरेपूर किल्ली दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं निरोगी मशीन साधारण २७० ते ३१० अंशांपर्यंत झुलतं. उभं धरलं की झोका उतरतो.

पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा उमटत जातात. रेघ वर चढली तर घड्याळ पुढे, खाली उतरली तर मागे. एकाऐवजी दोन समांतर रेघा दिसल्या तर टिक आणि टॉक यांच्यातली अंतरं सारखी नाहीत, घड्याळ लंगडतंय. याला 'बीट एरर' म्हणतात आणि तो मिलिसेकंदात मोजतात. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असला की छान. माझ्या घड्याळात तो ०.९ होता.

आता झाकण उघडणं आलं. पट्टा काढून घड्याळ पालथं ठेवायचं, खाली मऊ गादी, आणि तीन टोकांची चावी मागच्या झाकणाच्या खाचांत नीट बसवून सावकाश वळवायची. चावी निसटली की झाकणावर कायमचा ओरखडा. झाकण फारसं घट्ट नसेल तर चिकट रबरी चेंडू दाबून फिरवल्यानेही उघडतं, ओरखड्याची भीतीच नाही. आत आधी रोटर, म्हणजे आपोआप किल्ली देणारं फिरतं वजन, दिसतो, अर्धं मशीन झाकून बसलेला. तो बोटाने बाजूला फिरवला की बॅलन्स व्हील दिसतं.

आणि मग माणूस काम विसरून तसाच बघत बसतो. निदान मी तरी बसले. चाक एवढ्या वेगाने मागेपुढे होतं की आरे दिसतच नाहीत, आणि त्याच्या पोटात ती केसाहून बारीक स्प्रिंग आवळते, सैलावते, पुन्हा आवळते. ही गुंडाळलेली स्प्रिंग ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये जगापुढे मांडली. ही कल्पना आधी आपली होती म्हणून रॉबर्ट हुकने त्याच्याशी वादही घातला. खिशातलं घड्याळ विश्वासाने बघावं असं झालं ते या स्प्रिंगमुळे. पुढे बराच काळ तिला तपमानाने छळलं: उन्हाळ्यात पोलाद मऊ पडायचं आणि घड्याळ मागे. शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू काढले की उष्णतेने त्यांची लांबी किंवा लवचिकपणा फारसा हलत नाही. त्याला १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण टेबलावर बसून हवापाण्याची पर्वा न करता एक बारीक दांडी हलवतो आणि घड्याळ लागतं, त्यामागे एवढं काम आधीच होऊन गेलेलं आहे.

बॅलन्सच्या पुलावर, म्हणजे त्याला वरून धरणाऱ्या पट्टीवर, अशा दोन बारीक दांड्या असतात. एकीला हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक अडकवलेलं असतं. ती हलवली की बीट एरर बदलतो. दुसरीला दोन इवल्या खुंट्या असतात आणि त्यांच्या मधून स्प्रिंग जाते. ही रेग्युलेटरची. ती टोकाच्या दिशेने सरकवली की स्प्रिंगची कामाची लांबी वाढते, घड्याळ मंदावतं. उलट सरकवली की पळतं. जवळच अधिक-उण्याच्या खुणा असतात, पण मी पडद्याकडे बघूनच हलवते.

क्रम चुकवायचा नाही: आधी बीट एरर, मग चाल. कारण पहिली दांडी हलवली की दोन्हींमधलं अंतर बदलतं आणि चाल कुठच्या कुठे जाते. पुष्कळदा दुसरी दांडी तिच्याबरोबर फरपटतेही. पडद्यावरचा आकडा एकदम अधिक दीडशे दाखवायला लागला तर घाबरायचं काही कारण नाही. दांडी ढकलायला मी स्टीलचा चिमटा घेत नाही, टोक काढलेली लाकडी काडी घेते. स्टील घसरलं तर थेट हेअरस्प्रिंगवर जातं, आणि वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणं हा वेगळाच धंदा आहे. ढकलणं म्हणजे तरी काय? डोळ्याला दांडी हललेली दिसली तर ती जास्तच हलली. काडी टेकवायची, दाब वाढवत न्यायचा आणि आकडा हलला की तिथेच हात काढायचा. मग मिनिटभर थांबायचं, कारण हात लागल्या लागल्या दिसणारा आकडा बसलेला नसतो.

बीट एरर ०.१ वर आला. चाल शून्यावर आणली, म्हणजे अगदी शून्य: पडद्यावर रेघ आडवी, फुटपट्टी लावून ओढल्यासारखी. झाकण लावलं, घड्याळ हातात घातलं, दुसऱ्या दिवशी ताळा केला तर पाच सेकंद मागे.

इथे बरेच जण पुन्हा झाकण उघडतात आणि आणखी पाच सेकंद ढकलतात. मला ते पटत नाही, कारण यंत्रावर मी मोजलं होतं ते एकाच स्थितीत, डायल वर करून, काही मिनिटं. घड्याळाने दिवस काढला होता माझ्या मनगटावर. तेव्हा स्टँड फिरवून फिरवून सगळ्या बाजूंनी मोजायचं ठरवलं. दर वेळी स्थिती बदलली की थोडं थांबून, मगच आकडा लिहायचा. डायल वरची चाल पुन्हा सहा सेकंद पुढे लावून घेतल्यावर चित्र असं निघालं: डायल वर अधिक ६, डायल खाली अधिक ४, क्राऊन खाली अधिक १, बाराचा आकडा वर उणे ३, क्राऊन वर उणे ७.

असं का होतं? घड्याळ आडवं असताना बॅलन्सचा अक्ष एका टोकावर उभा असतो, माणकावर टेकलेला, घर्षण अगदी कमी. उभं केलं की तोच अक्ष दोन्ही टोकांच्या कुशीवर आडवा पडतो, घर्षण वाढतं, झोका उतरतो. शिवाय कुठलंही बॅलन्स व्हील पूर्ण समतोल नसतं. कुठेतरी एक बाजू कणभर जड असते. थांबलेल्या चाकाची जड बाजू खाली येते अशा स्थितीत घड्याळ मोठ्या झोक्याला मागे पडतं आणि लहान झोक्याला पुढे जातं. दोन्हींच्या मध्ये, साधारण २२० अंशांच्या झोक्याला, या असमतोलाचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे तेच घड्याळ, तीच स्थिती, पण सकाळी भरलेल्या किल्लीवर एक सांगणार आणि संध्याकाळी उतरलेल्या किल्लीवर दुसरं.

माझ्या पाच आकड्यांत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांच्यात १३ सेकंदांचं अंतर आहे. रेग्युलेटरची दांडी कितीही हलवली तरी हे १३ सेकंद तसेच राहतात. सगळे आकडे एकदम वर जातात किंवा एकदम खाली येतात, इतकंच. ते अंतर कमी करायचं तर चाक समतोल करावं लागतं, स्प्रिंगचा आकार सुधारावा लागतो, खुंट्यांमधली फट बघावी लागते. ते कसबी माणसाचं काम. घरी बसून आपल्याला करता येतं ते एवढंच, की हा तेरा सेकंदांचा पट्टा अशा जागी ठेवायचा की आपल्या दिवसात वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतील.

म्हणून मी माझा दिवस तपासला. घड्याळ डाव्या हातात, क्राऊन पंजाकडे. हात खाली सोडून चालताना क्राऊन खाली, म्हणजे जवळजवळ बरोबर. टेबलाशी काम करताना डायल वर, म्हणजे पुढे. रात्री काढून ठेवते तेव्हा निवड माझ्या हातात. डायल वर ठेवलं तर आठ तासांत दोन सेकंद वाढतात. क्राऊन वर करून कुशीवर उभं ठेवलं तर सव्वादोन सेकंदांच्या आसपास कापले जातात. दिवसभरात साठलेली वाढ रात्री फेडायची. आता पुढे गेलेलं दिसलं की रात्री ते कुशीवर, मागे पडलेलं दिसलं की पाठीवर. झाकण न उघडता घड्याळ लावायची ही युक्ती जुनीच आहे, आणि माझ्या मते तिच्याइतकी बिनधोक दुसरी नाही.

अधिकृत क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळणाऱ्या घड्याळाची, चाचणीही एका आकड्यावर विसंबत नाही. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था एकेक मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सियस अशा तीन तपमानांत तपासते. नेहमीच्या आकाराच्या मशीनची सरासरी दैनिक चाल उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावी लागते. मर्यादा पुढच्या बाजूला थोडी सैल आहे ते मला आवडतं. मीही माझं घड्याळ एकदोन सेकंद पुढेच राखते. मागे पडणारं घड्याळ गाडी चुकवतं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण दरम्यान सरावासाठी म्हणून एक जुनं किल्लीचं घड्याळ घेतलं होतं आणि त्याने मला रेग्युलेटरला हात लावू दिला नाही. टाइमग्राफरवर लावलं तर झोका १९० आणि रेघ सापासारखी नागमोडी. अशा घड्याळाची चाल लावणं म्हणजे ताप असलेल्या माणसाचं वजन करणं. आकडा येईल, उपयोग नाही. आतलं तेल वाळून डिंक झालेला असतो, आणि दांडी कितीही सरकवली तरी डिंक तिथेच. मशीन सुटं करून, धुऊन, पुन्हा तेल देणं एवढाच मार्ग.

थेट त्या घड्याळावर हात साफ करायला मी धजले नाही. आधी युनिटास ६४९७च्या धर्तीचं एक सुटं मशीन घेतलं. हे मुळात खिशातल्या घड्याळाचं, व्यास साडेछत्तीस मिलिमीटरच्या वर, भाग मोठे आणि मांडणी उघडी. शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. दहापट भिंग, दोन चांगले चिमटे, ०.८ ते १.६ मिलिमीटरचे स्क्रू ड्रायव्हर, बोटांना रबरी टोपणं, हवा फुंकायचा फुगा. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेइतकंच रुंद हवं. बारीक पात्याने जोर लावला की स्क्रूचं तोंड फाटतं. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, स्क्रू ज्या पुलाचे त्याच्याजवळच ठेवायचे.

पहिलं काम ताण उतरवणं. मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, भरलेली असताना पॅलेट फोर्क काढला तर सगळी चाकं एका झटक्यात भिरभिरतात आणि अक्षांची टोकं मोडतात. क्राऊन बोटांत घट्ट धरायचं, तिला उलटं सुटू न देणारा खटका काडीने मागे ओढायचा आणि क्राऊन बोटांतून सावकाश उलटं सुटू द्यायचं. मग बॅलन्स, मग फोर्क, मग किल्ली भरणारी दोन चाकं: आधी रॅचेट व्हील, मग क्राऊन व्हील. या शेवटच्याचा स्क्रू पुष्कळ मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. तोंडावर एका खाचेऐवजी तीन दिसल्या तर समजावं. शेवटी पूल उचलून चाकं.

धुताना एक गोष्ट जपायची. पॅलेटचे खडे आणि बॅलन्सखालचा माणकाचा खुंट लाखेने बसवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून हे दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून लांब, बाकी सगळे खुशाल बुडवा.

जोडणीत सगळ्यात चिवट भाग चाकांचा पूल बसवण्याचा. चारही चाकं खालच्या माणकांत उभी केलेली, आणि वरून पूल असा टेकवायचा की सगळ्यांची वरची टोकं आपापल्या भोकात एकदम शिरतील. एक शिरलं की दुसरं कलतं. दाबून बसवायचा मोह होतो, आणि टोकं मोडतात ती तिथेच. मी पूल बोटाने नुसता टेकवून धरते, त्याचं वजन म्हणजेच दाब, आणि दुसऱ्या हाताने चाकांना एकेक करून काडीने हलका धक्का देते. सगळी जागेवर गेली की पूल आपोआप खाली बसतो. ते बोटाला कळतं. स्क्रू आवळायच्या आधी मेनस्प्रिंगचा डबा काडीने किंचित ढकलून बघायचा: एस्केप व्हीलपर्यंत सगळी चाकं सुळकन फिरली पाहिजेत. स्क्रू थोडा आवळायचा, पुन्हा बघायचं, पूर्ण आवळायचा, पुन्हा बघायचं. फोर्क बसवल्यावर दोनचार वेढे किल्ली देऊन त्याची शेपटी काडीने ढकलली की तो खट्कन पलीकडे जाऊन अडकला पाहिजे. आळसाने गेला तर कुठेतरी घाण राहिली.

तेल देताना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं ते घड्याळात जास्त तेल जाऊ नये म्हणून. सावकाश फिरणाऱ्या चाकांना दाट तेल, जलद फिरणाऱ्यांना आणि बॅलन्सला पातळ, पॅलेटच्या खड्यांच्या तोंडाला वेगळंच. दात्यांना तेल नाही. फोर्कच्या अक्षालाही नाही. बॅलन्सच्या टोकाला टेकणाऱ्या चपट्या माणकावर तेलाचं गोल वर्तुळ उमटतं, ते माणकाच्या अर्ध्या-पाऊण भागापलीकडे पसरू द्यायचं नाही. कडेला टेकलं की सगळं तेल ओढलं जातं आणि मध्ये कोरडं पडतं.

हे सगळं त्या मोठ्या मशीनवर पुन:पुन्हा केल्यावरच जुन्या घड्याळाला हात घातला. धुऊन, तेल देऊन जोडल्यावर झोका १९०चा २६५ झाला आणि नागमोडी रेघ सरळ झाली. चाल लावायला मग काही मिनिटं पुरली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, किल्ली न देता, पुन्हा यंत्रावर धरलं: झोका २२५, आणि चाल अधिक ३ वरून उणे २. रेग्युलेटरच्या दोन खुंट्यांमधली फट जरा मोठी असली की असं होतं. झोका लहान झाला की स्प्रिंग फटीत मोकळीच हलत राहते, खुंट्यांना टेकत नाही, कामाची लांबी वाढते आणि घड्याळ मंदावतं. फट आवळता येते. मी आवळली नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी किल्ली दिली की दिवसाची सरासरी तशीही जवळपास बरोबर येते.

आता ओळखीचे लोक घड्याळं आणून देतात. चुंबकत्व काढून देते, टाइमग्राफरवर सगळ्या स्थिती मोजून कागद हातात ठेवते, झोका चांगला असेल तर चालही लावून देते. झोका दोनशेच्या खाली असेल तर झाकण लावून घड्याळ परत, सर्व्हिसला द्या म्हणून. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं घड्याळ, उघडत नाही. कुणाच्या वाडवडिलांचं एकुलतं एक घड्याळही नाही. आणि झाकण उघडलेलं प्रत्येक घड्याळ परत देताना रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलेलं असलं तरी बजावून सांगते, की पाण्याच्या दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय हे घालून पोहायला जाऊ नका.